मदत हवी आहे: रावबहादूर सी. के. बोले, ठरावापलीकडचे

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात मुंबईचे जुने समाजसुधारक सीताराम केशव बोले यांच्यावर अर्धा तास बोलायचं कबूल करून बसलोय आणि आता घाम फुटलाय. बहुतेक पुस्तकांत हा माणूस एका ओळीत येतो नि जातो: '१९२३ साली बोले ठराव झाला', की लगेच महाडचा सत्याग्रह सुरू.

हाती लागलेलं असं. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत सत्कार झाला, त्या सभेचे अध्यक्ष बोले. लेखक केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं ते याच सभेत. म्हणजे ठरावाच्या सोळा वर्षं आधीपासूनचा हा धागा आहे. पुढे १९२७ साली डॉ. आंबेडकर मुंबई कौन्सिलात, म्हणजे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात गेले; बोल्यांनी ठराव मांडला होता तो याच कौन्सिलात.

आता ठराव. ४ ऑगस्ट १९२३ ला बोल्यांनी मांडला: सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. काही जण याला 'बोले कायदा' म्हणतात, ते चूक. ती शिफारस होती. सरकारने सप्टेंबरात खातेप्रमुखांना अंमलबजावणीचं पत्र काढलं. मी स्वतः तीस वर्षं जिल्हा परिषदेत कारकुनी केलीय, 'माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी' आलेल्या पत्राचं काय होतं ते मला विचारा! महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं कागदावर खुलं केलं, पण पाण्याला हात लागायला मार्च १९२७ उजाडलं. आणि त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ ला, बरोबर चार वर्षांनी, आपला ठराव मागे घेतला.

मला खरा माणूस दिसतो तो ऑगस्ट १९२६ मध्ये. बोल्यांनी पुन्हा ठराव आणला की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं ऐकत नाहीत त्यांचं अनुदान बंद करा. हा खास कचेरीतल्या माणसाला कळणारा डाव. १९१९ च्या माँटफर्ड (माँटेग्यू-चेम्सफर्ड) सुधारणांनंतर स्थानिक स्वराज्य हे 'सोपीव' खातं होतं, म्हणजे मंत्र्याच्या हातात. मग त्या ठरावानंतर एखाद्या तरी नगरपालिकेचं अनुदान खरंच थांबलं का? सगळं व्याख्यान मला याच प्रश्नाभोवती उभं करायचंय.

त्यासाठी कौन्सिलचं १९२३ आणि १९२६ चं छापील कार्यवृत्त पाहिजे. मुंबईत कुठे बसून वाचता येईल? पुराभिलेखागारात सामान्य माणसाला आत घेतात का, काय कागद लागतात? बोले कौन्सिलात निवडून आले होते की सरकारनियुक्त, हेही कुणी पुराव्यानिशी सांगितलं तर बरं. बोले भंडारी समाजाचे; त्या समाजाच्या मासिकांच्या जुन्या अंकांत त्यांच्यावर लेख असतील, तर फोटो काढून टाकाल का?

शोधताना एक लक्षात ठेवा: मराठीत ते 'सी. के.', इंग्रजीत 'एस. के.'. माझे दोन दिवस यातच गेले.