बहात्तरच्या दुष्काळावरची कादंबरी : दोघींची मैत्री खरी कशी वाटेल?

माणगंगाकाठ

नमस्कार. गेली दोन वर्षे मी १९७२ च्या दुष्काळावर एक कादंबरी लिहीत आहे. कथा सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या एका लहान गावात घडते आणि १९७२ च्या दसऱ्याला सुरू होऊन १९७३ च्या मृगाच्या तोंडावर संपते. तिच्या केंद्रस्थानी दोन स्त्रिया आहेत. एक खाऊनपिऊन सुखी असलेल्या मराठा शेतकरी घरातली सून. तिचा नवरा मुंबईत गिरणीत आहे आणि त्या वर्षापर्यंत ती दुसऱ्याच्या बांधावर कधी कामाला गेलेली नाही. दुसरी गावकुसाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली, लहानपणापासून मोलमजुरी करणारी आणि त्या वेळी दिवस गेलेली. दुष्काळी कामावर खडी फोडताना दोघी शेजारी बसतात आणि तिथून त्यांची मैत्री सुरू होते.

माझा मसुदा तिघींनी वाचला आणि तिघींनीही एकच अभिप्राय दिला : दुष्काळ खरा वाटतो, मैत्री खोटी वाटते. मसुद्यात दोघी टँकरच्या रांगेत प्लास्टिकचे हंडे घेऊन उभ्या राहतात, तिसऱ्याच दिवशी एकमेकींच्या भाकरीतली भाकरी खातात, पुढे एक दुसरीचे बाळ अंगावर पाजते आणि शेवटी "तू माझी पाठची बहीणच आहेस" असे म्हणून गळ्यात पडते. लिहिताना मला स्वतःला रडू आले होते, म्हणून हा अभिप्राय जास्त लागला. ज्यांनी तो काळ पाहिला आहे किंवा घरातल्या बायकांकडून ऐकला आहे, त्यांनी कृपया सांगावे की नेमके कुठे चुकते आहे.

करडई

ताई, माझी आई त्या वर्षी करमाळा तालुक्यात खडी फोडायला जात होती आणि मी सात वर्षांचा होतो. म्हणून जे डोळ्यांपुढे आहे तेवढेच लिहितो.

सर्वांत आधी टँकर आणि प्लास्टिकचे हंडे काढून टाका. ते चित्र अलीकडच्या दुष्काळांचे आहे. आमच्याकडची जुनी माणसे आजही सांगतात की बहात्तरला विहिरीच्या तळाशी पाणी होते, पण कणगीत दाणा नव्हता आणि दावणीला वैरण नव्हती. पाणी दूर गेले होते, कमी झाले होते, हे खरेच. पण माणसाच्या मनात चोवीस तास घर करून होती ती भूक. आमच्या घरातली तांब्याची घागर आणि पितळेचा हंडा दिवाळीआधीच तालुक्याच्या मोडीत गेला होता आणि आई तुपाच्या पत्र्याच्या डब्याला दोरी बांधून पाणी आणत असे. भांडी ही आपल्याकडे बाईची माहेरची ठेव असते; ती विकली गेल्यावर कोनाड्यातली रिकामी जागा मला दुष्काळाची पहिली खूण म्हणून आठवते, आणि तुमच्या कादंबरीत हंडा नसण्याला जितके बोलता येईल तितके हंड्याला येणार नाही.

खाण्याचे म्हणाल तर रेशनवर मिळणारी लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी उकड काढल्याशिवाय थापता येत नसे, तव्यावर टाकेपर्यंत कडा फाटत आणि गार झाली की वातड होई. कामावर मुलांना सुकडी मिळे. मी ती सदऱ्याच्या खिशात भरून आणत असे आणि खिशाला गुळाचा चिकट वास कितीतरी दिवस राही.

आता मैत्रीविषयी. खडीचे पैसे मापावर मिळत. फोडलेली खडी चौकोनी ढिगात रचून ठेवायची, आठवड्याने कारकून येऊन टेप लावायचा आणि किती ब्रास भरली त्यावर हिशेब व्हायचा. आईच्या शेजारी बसणारी बाई आठव्या महिन्यात होती. तिला ओणवे होऊन हातोडी मारणे जमत नव्हते. मापाच्या आदल्या संध्याकाळी आई आपली शेवटची दोन-तीन घमेली बोलता बोलता तिच्या ढिगावर ओतत असे. वडिलांनी एकदा विचारले की आपलेच माप कसे कमी भरते. तेव्हा आई म्हणाली, "या आठवड्याला दगड काळा निघाला." मी तिथेच होतो. दगड काळा निघाला नव्हता हे मला ठाऊक होते, आणि मला ते ठाऊक आहे हे आईलाही ठाऊक होते.

त्या दोघींमध्ये याविषयी एक शब्द झाला असेल असे मला वाटत नाही. पुढल्या सुगीत त्या बाईने फडक्यात बांधून दोन शेर ज्वारी आणून दिली. आईने ती दळली नाही, बियाण्यासाठी ठेवली.

ओवीवेडी

करडई यांनी जे सांगितले त्यात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आले आहे. मी भाषेपुरते बोलते, कारण माझे आयुष्य जात्यावरच्या ओव्या ऐकण्यात गेले.

आपल्या नायिका "मैत्रीण" हा शब्द वापरणार नाहीत. तो शाळेतून आलेला शब्द आहे. ओव्यांमध्ये जी बाई पुन्हा पुन्हा येते ती शेजी. शेजी म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी. तिच्याजवळ गूज बोलता येते, तिच्याकडून विस्तव मागून आणता येतो आणि तिच्याशी भांडताही येते. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्यांतून थोडा वेळ फिरून आलात तर एक गोष्ट लक्षात येईल की बाई आपल्या मनातले माणसाला उद्देशून फार क्वचित बोलते. ती जात्याला, सूर्याला, तुळशीला सांगते आणि शेजारी दळणारी ते ऐकते. "तू माझी बहीण आहेस" हे वाक्य म्हणूनच कानाला खटकते. ज्या वर्षी घरात दळायला दाणा नव्हता, त्या वर्षी जात्याबरोबर हे बोलण्याचे ठिकाणही बंद पडले. हातोडीच्या ठोक्यावर काही बायका ओव्या म्हणू लागल्या असतील का, आणि म्हणू लागल्या तर शेजारच्या वस्तीतली बाई दुसरी ओळ उचलेल का, हा प्रसंग मला आपल्या कादंबरीत वाचायला आवडेल.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे आणि ती मी स्पष्ट लिहिते. आपण एक मराठा आणि एक बौद्ध स्त्री शेजारी बसवली आहे, आणि तिसऱ्या दिवशी भाकरी वाटून घेतली आहे. हे १९७२ साल आहे. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, आणि ती का झाली याचे उत्तर खेड्यापाड्यांतच होते. दुष्काळाने सर्वांना एका खडीवर आणले, पण म्हणून पाण्याचा माठ एक झाला असे समजू नये. वरून ओतलेले पाणी ओंजळीने पिणारी बाई आणि ओतणारी बाई यांच्यात जे काही उगवेल ते फार सावकाश उगवेल आणि कदाचित अर्धवटच राहील. आपण बाळाला पाजण्याचा प्रसंग ठेवू नये असे माझे मत आहे, कारण त्यात वाचकाला फार लवकर सुटका मिळते. शिवाय तो प्रसंग उच्च जातीतल्या बाईच्या औदार्याचा होतो आणि दुसरी बाई केवळ ते औदार्य घेणारी उरते. खडी फोडायचे कसब कोणाला येते? बोटांना चिंध्या कशा गुंडाळायच्या, कपच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून मान कुठे वळवायची, दगडाची शीर कशी ओळखायची, हे आपल्या सुनेला कोण शिकवणार? तिथून सुरुवात करून पाहा.

पाझर

काही तपशील सांगतो, कारण माझी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कामात गेली.

त्या वर्षीच्या कामांना पात्रांच्या तोंडी सरसकट "रोजगार हमी" म्हणू नका. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना तेव्हा चर्चेत होती हे खरे, पण तिचा कायदा १९७७ चा आणि तो अमलात आला १९७९ मध्ये. गावात लोक "दुष्काळी काम" म्हणत. मे १९७३ मध्ये अशा कामांवरची हजेरी ५० लाखांच्या जवळ पोहोचली होती. राज्याची लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेत सुमारे ५ कोटी ४ लाख होती, म्हणजे तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे धरूनही दहांतले एक माणूस त्या महिन्यात घमेले उचलत होते. हा आकडा कादंबरीत घालू नका, पण लिहिताना मनात असू द्या. खडीबरोबरच पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते ही कामे होती. कितीतरी गावांत "बहात्तरचा तलाव" अजून आहे. त्याच्या भरावावर एकदा उन्हातून चालून या.

गाजरगवत मिलोबरोबर आले असे आपल्याकडे म्हणतात, तेही लिहू नका. ते पुण्यात १९५० च्या दशकातच आढळले होते.

लालबागकर

नवरा गिरणीत आहे म्हणता, तर त्याची मनीऑर्डर हा धागा सोडू नका. त्या काळात मुंबईतही धान्य, तेल, रॉकेल सगळेच महागले होते. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. चाळीतल्या माणसाला स्वतःचे भागवून गावी किती पाठवता येत होते, हे पाहिले तर आपली नायिका खडीवर का आली याचे खरे कारण सापडेल.

करडई

ओवीवेडी यांचे वाचल्यावर दोन दिवस मनात घोळत होते, म्हणून पुन्हा लिहितो. माझ्या आईच्या शेजारी बसणारी ती बाई आमच्याच भावकीतली होती. मी हे पहिल्या वेळी लिहायला हवे होते. वस्तीतल्या बायकांची टोळी वेगळी होती, बाभळीच्या पलीकडच्या अंगाला, आणि त्यांच्या झोळ्याही पलीकडच्या बाभळींना टांगलेल्या असत. आईने कधी त्या बाजूला घमेले ओतले नाही. ती कठोर बाई नव्हती. तिच्या मनात तो विचारच आला नसेल, आणि आज ती असती तर मी तिला विचारले असते.

माणगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. करडई दादा, तुमची शेवटची नोंद मी कितीदा वाचली हे सांगता येणार नाही. टँकर, प्लास्टिकचे हंडे, बाळाचा प्रसंग आणि गळ्यात पडणे हे सारे काढले आहे. दोघींच्या टोळ्या आता वेगळ्या आहेत. एका आठवड्यात माणसे कमी पडल्यामुळे मुकादम सुनेला बाभळीच्या पलीकडे बसवतो, ती रागाने जाते आणि पहिल्याच दिवशी तिचा अंगठा ठेचतो. दुसरी काही न बोलता आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून तिच्या पुढ्यात टाकते. हातात देत नाही, टाकते, कारण हातात दिलेले ती घेईल की नाही याची तिला खात्री नाही.

त्यानंतर बऱ्याच पानांनी, मे महिन्यात, एका दुपारी सुनेचे पाणी संपते. तिचा माठ अर्ध्या मैलावर आहे. शेजारी दुसरीचा पत्र्याचा डबा आहे. ती आजूबाजूला पाहते, डबा उचलते आणि तोंडाला लावून पिते. दुसरी हातोडी थांबवत नाही, पण ठोके हळू होतात.

इथपर्यंत लिहून झाले आहे आणि मी एका साध्या गोष्टीवर अडले आहे. पाणी पिऊन झाल्यावर तिने डबा जमिनीवर ठेवावा की तिच्या हातात द्यावा? जमिनीवर ठेवला तर ती शरमली आहे असे वाटते, आणि हातात दिला तर मी पुन्हा जुन्या मसुद्याकडे घसरते आहे की काय अशी शंका येते. काल रात्री मी तिला तो डबा मांडीवर धरून तसेच बसवले आहे.