शब्दचर्चा : रोमन सम्राट ‘देव’ की ‘दैवत’?

प्रश्न : रोमच्या इतिहासावरचा एक मराठी लेख तपासते आहे. ‘रोमन लोक आपल्या सम्राटांना देव मानत’ हे वाक्य त्यात तीनदा आलंय. शिवाय एकाच गोष्टीसाठी लेखकाने कुठे ‘देवत्वारोप’, कुठे ‘दैवतीकरण’, कुठे ‘देवत्व बहाल केले’ असं लिहिलंय. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे का? कोणता ठेवू?

उत्तर : सगळ्यात आधी ते ‘देव मानत’ काढा. शब्द सोपा आहे, पण त्याने वाचकाच्या डोक्यात चुकीचं चित्र उभं राहतं.

लॅटिनमध्ये दोन शब्द आहेत, देउस आणि दीवुस. ज्युपिटर, मार्स हे देउस. मृत सम्राटाच्या नावाआधी लागतो तो दीवुस. दोन्ही शब्द एकाच मुळातले आणि आपल्या ‘देव’, ‘दिव्य’ यांचे भाऊबंद. जुने कवी ते अदलूनबदलून वापरतात. इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन विद्वान व्हारो याच्या मते तर जे सनातन ते दीवुस आणि जे विधीने झाले ते देउस, म्हणजे पुढे रूढ झालेल्या अर्थाच्या नेमकं उलट. तेव्हा हा फरक व्युत्पत्तीत शोधू नका. तो राजकारणातून पडला.

ज्युलियस सीझरचा खून इ.स.पू. ४४ च्या मार्चमध्ये झाला. त्याच वर्षी जुलैत ऑक्टेव्हियनने भरवलेल्या खेळांच्या वेळी सात दिवस धूमकेतू दिसला. तो सीझरचा आत्मा, असा लोकांचा समज झाला. इ.स.पू. ४२ च्या जानेवारीत सिनेटने, म्हणजे रोमच्या शासनसभेने, रीतसर ठराव केला आणि सीझर ‘दीवुस युलिउस’ झाला. त्याचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन आपोआप ‘दीवी फीलिउस’ ठरला, दीवुसचा पुत्र. सत्तेच्या झगड्यात असं बिरुद प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाकडेच नव्हतं. पुढे तो ऑगस्टस झाला. इ.स. १४ च्या ऑगस्टमध्ये तो वारला आणि सप्टेंबरात सिनेटने त्यालाही दीवुस ठरवलं. नुमेरिउस अत्तिकुस नावाच्या माजी प्रीटरने (प्रीटर म्हणजे वरिष्ठ अधिकारी) शपथेवर सांगितलं, की मी ऑगस्टसला स्वर्गात चढताना पाहिलं. इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो, की ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिने अत्तिकुसला दहा लाख सेस्टर्स (रोमन नाणी) दिले. साक्ष, शपथ, ठराव, मग पुजारी आणि मंदिर, असा हा कारभार होता. लॅटिनमध्ये त्याला ‘कोन्सेक्रातिओ’ म्हणत.

ठराव म्हटला की तो नामंजूरही होऊ शकतो. टायबेरियस, कॅलिग्युला, नीरो यांना हे पद मिळालं नाही. डोमिशियनची तर सिनेटने शिलालेखांवरून नावं खोडायला लावली. १३८ मध्ये हेड्रियन वारला तेव्हा सिनेट त्याच्यावर इतकी नाराज होती, की वारस अँटोनायनस पायसला हेड्रियनच्या या पदासाठी अडून बसावं लागलं. ‘मानत’ या क्रियापदात यातलं काहीच येत नाही. कोणी मानो न मानो, ठराव झाला की दीवुस.

रोमच्या फोरममध्ये, म्हणजे जुन्या मुख्य चौकात, याच अँटोनायनसचं आणि त्याची पत्नी फॉस्टिना हिचं मंदिर उभं आहे. आत आता चर्च आहे, पण दर्शनी खांब जुनेच. खांबांच्या वर कोरलेल्या लेखाच्या दोन ओळी नीट पाहा. खालची ओळ आधीची : ‘दीवा फॉस्टिनेस, सिनेटच्या ठरावाने’ (दीवा हे दीवुसचं स्त्रीलिंगी रूप). ती १४० मध्ये वारली, तेव्हाची. १६१ मध्ये नवरा वारला तेव्हा वरच्या रिकाम्या पट्टीवर कोरलं : ‘दीवुस अँटोनायनस आणि’. या ‘आणि’ने वरची ओळ खालच्या जुन्या ओळीला जोडली आणि ‘सिनेटच्या ठरावाने’ हे शब्द दोघांनाही लागू झाले. कोणाच्या अधिकाराने हे पद मिळालं, हे रोमन लोक मंदिराच्या कपाळावरच लिहीत.

आता मराठी. ‘देवत्वारोप’ कवितेच्या समीक्षेत शोभेल. इथे नको, कारण आरोप करणाऱ्याच्या मनात असतो, कायद्यात नसतो. ‘दैवतीकरण’ ही एकूण प्रक्रियेची संज्ञा म्हणून चालेल, जरा कोरडी आहे एवढंच. पण सिनेटच्या कृतीसाठी माझी शिफारस ठाम आहे : ‘दैवतपद देणे’. ‘देव’ आणि ‘दैवत’ आपण सारखे वापरत नाही. देव स्वतःच्या जागी देव असतो, दैवत मात्र कोणाचं तरी असतं : कुलदैवत, ग्रामदैवत. दैवत म्हटलं की त्याला मानणारा समूह, त्याचा मान, त्याचा वार्षिक उत्सव हे सगळं बरोबर येतं. दीवुस हे रोमच्या राज्याचं असंच दैवत होतं. आणि ‘पद’ या शब्दाने ते कोणीतरी दिलंय हेही कळतं. ‘देवत्व बहाल केले’ त्याच्या जवळ जातं, फक्त ‘देवत्व’मुळे सम्राट ज्युपिटरच्या पंक्तीला बसतो.

प्रश्न : पण जिवंत सम्राटांचीही मंदिरं होती ना? लेखात पर्गमॉनचा उल्लेख आहे.

उत्तर : होती, आणि तिथे ‘दैवतपद’ वापरू नका. इ.स.पू. २९ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गमॉन या ग्रीक शहराच्या लोकांना रोमा देवी आणि ऑगस्टस यांचं एकत्र मंदिर बांधायची परवानगी मिळाली. मागणी प्रांताची, परवानगी ऑगस्टसची. ग्रीक शहरांना जिवंत राजांची पूजा अलेक्झांडरनंतरच्या काळापासून सवयीची होती. खुद्द रोममध्ये जिवंत ऑगस्टसऐवजी त्याच्या ‘गेनिउस’ची, म्हणजे त्याच्याबरोबर जन्मलेल्या रक्षक शक्तीची पूजा होई. टायबेरियसने इ.स. २५ मध्ये स्पेनच्या शिष्टमंडळाला नकारच दिला. मी मर्त्य माणूस आहे, असं तो सिनेटमध्ये म्हणाल्याचं इतिहासकार टॅसिटसने नोंदवलंय. या सगळ्याला ‘सम्राटपूजा’ हा सरळ शब्द आहे.

गोंधळाला ग्रीक भाषाही कारण आहे. ग्रीकमध्ये दीवुसला वेगळा शब्द नव्हता, दोन्हींसाठी ‘थेओस’. त्यामुळे ‘दीवी फीलिउस’चं ग्रीक भाषांतर थेट ‘देवाचा पुत्र’ असं झालं. रोममध्ये जपलेली मर्यादा पूर्वेच्या प्रांतांत पोचेपर्यंत पुसली गेली.

लेखात भारताचा संदर्भ हवा असेल तर खरा धागा आहे. दक्षिण भारतात, विशेषतः कोइम्बतूरच्या परिसरात, ऑगस्टस आणि टायबेरियसच्या चांदीच्या नाण्यांचे साठे सापडलेत. ऑगस्टसच्या नाण्यावर ‘दीवी एफ’, म्हणजे दीवुसचा पुत्र, आणि टायबेरियसच्या नाण्यावर ‘दीवी आउग एफ’ अशी अक्षरं असतात. प्राचीन रोमन मार्गांच्या नकाशाच्या मध्ययुगीन प्रतीत, केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस या प्राचीन बंदराशेजारी ‘ऑगस्टसचं मंदिर’ही दाखवलेलं आहे.

प्रश्न : ख्रिस्ती सम्राट आल्यावर हा शब्द गेला का?

उत्तर : गेला नाही, अर्थ पातळ झाला. पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टन्टाइन ३३७ मध्ये वारला. त्याच्या स्मृतिनाण्यांवर नावाआधी दीवुसचं लघुरूप आहे, सम्राट चार घोड्यांच्या रथात वर चाललाय आणि आकाशातून एक हात त्याच्याकडे आलाय. मंदिर नाही, बळी नाही, बिरुद मात्र तेच. पुढे दीवुस हा आपल्या ‘कै.’सारखा झाला : नावाआधी लावायचा, कैलासाचा विचार न करता. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ च्या डायजेस्ट या कायदेसंग्रहात जुन्या सम्राटांचे निर्णय ‘दीवुस हेड्रियन’, ‘दीवुस पायस’ असेच उद्धृत केलेत. मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस या दोन सहसम्राटांना मिळून ‘दीवी फ्रात्रेस’, दैवतपद मिळालेले बंधू. चौथ्या शतकानंतरच्या मजकुरात म्हणूनच ‘दिवंगत सम्राट’ लिहा, तिथे ‘दैवत’ जड होईल.