वेब स्क्रिप्टिंगचा कोर्स ऑनलाइन न्यायचा म्हणजे नुसते व्हिडिओ करून ठेवायचे का?

माटुंग्याची_मास्तरीण

परवा 'परळचा_प्रोग्रॅमर' यांनी लिहिलं होतं: "वेब स्क्रिप्टिंगच्या, म्हणजे वेबपानांमागचा कोड लिहायच्या, ऑनलाइन कोर्सला शिक्षक हवाच कशाला? चाळीस व्हिडिओ एकदा करून ठेवा, प्रत्येकाखाली पर्यायी प्रश्न टाका, पहिल्या आठवड्यापासून रिॲक्ट (वेबपानं बांधायचं तयार साधन) घ्या, हजेरीसाठी कॅमेरा सक्तीचा करा. पुढची पाच वर्षं बघायला नको."

मी गप्पच बसणार होते. पण आमच्याकडे हा पेपर येत्या सत्रात ऑनलाइन न्यायचं घाटतंय, आराखडा माझ्या गळ्यात आहे, आणि विभागाच्या मीटिंगमध्ये अगदी हीच भाषा कानावर आली. म्हणून सविस्तर लिहिते.

पाच वर्षं कुठली? वेबपानांवर ॲनिमेशन चालवणारं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. रिॲक्टसारख्याच जुन्या अँग्युलरजेएसचा आधार २०२१ च्या शेवटी संपला. रिॲक्ट शिकवणारे कितीतरी व्हिडिओ 'क्रिएट रिॲक्ट ॲप' या कमांडने सुरू होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टच्या टीमनेच ते मोडीत काढलं. म्हणजे पहिल्याच धड्याला पोरांच्या स्क्रीनवर 'हे आता वापरू नका' असा इशारा येणार आणि शंका विचारायला समोर कोणी नसणार.

आणि हे तर वरवरचं झालं. स्क्रिप्टिंग शिकलं जातं ते कोड मोडल्यावर. पोरगं फॉर्मचे दोन खाने घेतं, एकात ५, दुसऱ्यात ३, बेरीज करतं आणि उत्तर येतं ५३. वजाबाकी केली तर मात्र बरोबर २. कारण खान्यातून येतो तो मजकूर. अधिकचं चिन्ह मजकुराला मजकूर जोडतं आणि वजाचं चिन्ह त्याचे आकडे करून घेतं. हे व्हिडिओत सांगता येईल. पण गेल्या वर्षी एका मुलीने सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब करणारं पान केलं, तिच्या आत्याने मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकले आणि पडद्यावर आलं 'नॉट अ नंबर'. जावास्क्रिप्टला, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या या भाषेला, देवनागरी ५ हा आकडा म्हणून कळतच नाही. ती मुलगी रडकुंडीला आली होती. आम्ही त्या दिवशीचा ठरलेला भाग बाजूला ठेवला आणि माणूस खान्यात काय काय टाकू शकतो यावर पूर्ण तास घालवला. वर्षभरातला तो सगळ्यात चांगला तास. तो आधी रेकॉर्ड कसा करणार होतात?

म्हणून माझा आराखडा तासांपासून सुरू होतो. थिअरीचं एक क्रेडिट १५ तासांचं, प्रॅक्टिकलचं ३० तासांचं. दोन-दोन धरली तर ३० आणि ६०. थिअरीचे ३० खुशाल रेकॉर्ड करा, आठ-दहा मिनिटांचे तुकडे करून. प्रॅक्टिकलला शिक्षक समोर पाहिजे, आणि दर आठवड्याला प्रत्येकाचा कोड कोणीतरी उघडून वाचला पाहिजे. ६० जणांचा वर्ग, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे आठवड्याला ५ तास. हे ५ तास वेळापत्रकात वर्कलोड म्हणून दिसले पाहिजेत. कोर्स तगेल तो त्यांच्यावर, आणि नेमके तेच कोणी मोजायला तयार नाही.

परळचा_प्रोग्रॅमर

मॅडम, मी दरवर्षी फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. क्लोजरची (जावास्क्रिप्टमधली एक संकल्पना) व्याख्या घडाघडा म्हणतात, पण सर्व्हरकडून डेटा आणून तक्ता भरायला सांगितला की हात थांबतात. कंपनीत पहिल्या दिवशी रिॲक्ट समोर येतं. ते कॉलेजात नाही तर कुठे शिकायचं? महिन्याला हजारो रुपये घेणाऱ्या क्लासमध्ये?

आणि रेकॉर्डिंगला एवढं हिणवू नका. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, मराठीतसुद्धा आहेत, पीएचपी-मायएसक्यूएलचेही (सर्व्हरवर चालणारी भाषा आणि डेटाबेस) आहेत. 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवरचे कोर्स युजीसी सत्रातल्या कोर्सच्या ४० टक्क्यांपर्यंत धरते. हजारो पोरं घेतात. तिथे कोण प्रत्येकाचा कोड वाचत बसतं?

दिवसा नोकरी करून शिकणाऱ्यांचं काय? त्याला तुमचा लाइव्ह तास परवडत नाही. त्याला रात्री साडेअकराला व्हिडिओच लागतो.

माटुंग्याची_मास्तरीण

स्पोकन ट्युटोरियलचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. ती बघायची वस्तूच नाही. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर आपलं काम. थांबवायचं, स्वतः करायचं, मगच पुढे जायचं. तुमच्या योजनेत व्हिडिओनंतर थेट चार पर्याय येतात. करायचं कधी?

नोकरी करणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे. त्यांच्यासाठी थिअरी रात्री आणि प्रॅक्टिकल रविवारी सकाळी ठेवता येईल.

विरारफास्ट

मी शिकतोय म्हणून बोलतो. कॅमेरा सक्तीचा करा हे लिहिणाऱ्याने कधी एका खोलीच्या घरात लेक्चर केलंय का? माझे बाबा रात्रपाळी करून सकाळी सातला येतात आणि माझ्या मागेच झोपतात. आमच्या एका सरांनी भर वर्गात विचारलं, मागे कोण आडवं पडलंय. सगळे हसले. त्यानंतर मी त्या विषयाला जॉइनच झालो नाही. हजेरी कमी पडली आणि डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं.

दुसरं म्हणजे माझ्याकडे फोन आहे, लॉपटॉप नाही. सर सांगतात 'एफ बारा दाबा, कन्सोल बघा'. फोनवरच्या क्रोममध्ये चुका दाखवणारा तो कन्सोलच नाही. कोड चुकला की कोरं पान दिसतं. कुठे चुकलं ते सांगणारं काहीच नसतं.

परळचा_प्रोग्रॅमर

भावा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण लॉपटॉप नसेल तर हा विषय घेऊ नये. सुतारकाम शिकायचं तर करवत लागते.

चिंचपोकळीकर

हे वाक्य परत वाचा, साहेब. परळला राहता ना? तुमच्याच मागच्या चाळींमध्ये किती घरांत लॉपटॉप आहे ते बघून या. गिरणी कामगारांची पोरं कॉम्प्युटर शिकली ती वस्तीतल्या मंडळाच्या एका जुन्या मशीनवर, पाळ्या लावून. तेव्हा तुमच्यासारखा दारात उभा असता तर आमच्यातलं कोणीच आत गेलं नसतं. मी त्यातलाच एक. आज तुम्ही करता तेच काम करतो.

परळचा_प्रोग्रॅमर

मी कोणाला दारात अडवलेलं नाही. माझं शिक्षणही कर्जावर झालंय. उगाच जातीपातीच्या सुरात बोलू नका.

चिंचपोकळीकर

जात मी काढली नाही. करवत तुम्ही काढलीत.

माटुंग्याची_मास्तरीण

दोघांनी थांबा. विरारफास्ट, तुझ्यासाठी लगेच करता येण्यासारखी गोष्ट: पानाच्या अगदी सुरुवातीला, बाकी सगळ्या स्क्रिप्टच्या आधी, चार ओळींची स्क्रिप्ट टाक. 'विंडो डॉट ऑनएरर' पकड आणि काय चुकलं तो संदेश व ओळीचा क्रमांक पानावरच छापून घे. कोऱ्या पानाऐवजी 'ओळ १७' असं काहीतरी दिसेल. मी ही फाइल आता पहिल्याच आठवड्याच्या साहित्यात देणार आहे. पण हा तात्पुरता इलाज. पीएचपीच्या भागासाठी लॅब उघडी लागेलच. ऑनलाइन कोर्स झाला म्हणून लॅबला कुलूप, हे मी मान्य करणार नाही.

मुलुंडचे_पालक

कोर्स ऑनलाइन करताय ना? मग जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, हाताने का?

माझी लेक आयटीला आहे. लेक्चर लॅपटॉपवर, असाइनमेंट पोर्टलवर, आणि सत्र संपताना सगळे प्रोग्रॅम एका बाजूच्या रेघी कागदावर निळ्या पेनाने. आउटपुटचे प्रिंट काढून चिकटवायचे. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे परीक्षेच्या आधी रात्री दहापर्यंत रांग. अनुक्रमणिकेवर तारखा, प्रत्येक तारखेसमोर सही, पहिल्या पानावर 'सर्टिफाइड'चा शिक्का. तो नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. आधी हे बंद करा, मग रिॲक्टचं बघू.

निवृत्त_प्राध्यापक

जर्नलवर टीका करणं सोपं आहे. बाहेरचा परीक्षक येतो तेव्हा वर्षभर काम झालं याचा पुरावा काय? आणि हाताने लिहिताना कंस कुठे बंद होतो ते डोळ्यांखालून जातं. नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून मी परीक्षक म्हणून गेलो तिथे अख्ख्या बॅचचा कोड सारखा, कॉमेंटसुद्धा सारख्या, आणि त्याही झकास इंग्रजीत. निदान हाताने उतरवताना एकदा वाचला तरी जातो.

मुलुंडचे_पालक

सर, काय वाचला जातो ते सांगतो. तिच्या जर्नलमध्ये डेटाबेस जोडायला 'मायएसक्यूएल अंडरस्कोर कनेक्ट' आहे. ते फंक्शन पीएचपी ७ मधून काढून टाकलं, डिसेंबर २०१५ मध्ये. लेकीने ते पेनाने लिहिलं, सरांनी सही केली, शिक्का बसला. तो कोड आजच्या मशीनवर चालतच नाही. मग खाली चिकटवलेलं आउटपुट आलं कुठून? मागच्या बॅचच्या फाइलमधून. सगळा वर्ग हेच करतो, आणि शिक्षकांनाही ते माहीत असतं.

निवृत्त_प्राध्यापक

सगळ्या शिक्षकांना एका माळेत ओवू नका. अभ्यासक्रम मी ठरवत नव्हतो, अभ्यास मंडळ ठरवतं. मी जर्नल तपासताना चुकीच्या ओळीखाली लाल रेघ मारली आहे आणि परत लिहायला लावलं आहे. ती पोरं आज चांगल्या ठिकाणी आहेत आणि भेटली की त्या लाल रेघांची आठवण काढतात.

फोर्टचा_बँकवाला

मी सुरक्षेच्या बाजूला काम करतो म्हणून न राहवून लिहितो. ओळखीतून एका पतसंस्थेची साइट बघायला गेलो होतो. लॉगिनच्या पासवर्डच्या खान्यात एक अवतरणचिन्ह टाकलं आणि पुढे 'किंवा १ बरोबर १' या अर्थाचा तुकडा. सरळ आत! कारण खान्यातला मजकूर जसाच्या तसा एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या, ओळीत चिकटवला होता. पासवर्डही टेबलात उघडे. ज्या पोराने ते केलं होतं त्याला विचारलं, तर म्हणाला, कॉलेजच्या जर्नलमध्ये असंच होतं. तो वर्गात पहिला आलेला होता.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट (खान्यातला मजकूर एसक्यूएलच्या ओळीपासून वेगळा ठेवायची पद्धत) शिकवायला अर्धा तास पुरतो. पासवर्ड हॅश करायचं (मूळ शब्द ओळखू येणार नाही असं रूप द्यायचं) फंक्शन पीएचपीत २०१३ पासून आहे, एका ओळीचं काम. आराखड्यात हे 'ॲडव्हान्स्ड' म्हणून शेवटच्या आठवड्यात ढकलू नका, कारण शेवटचा आठवडा कधीच होत नाही. डेटाबेसला हात लावायच्या पहिल्याच दिवशी हे आलं पाहिजे. चुकीची पद्धत आधी दाखवून मग सुधारायची, असंही करू नका; पोरं पहिली पद्धतच लक्षात ठेवतात.

माटुंग्याची_मास्तरीण

हे जसंच्या तसं घेते. जर्नलच्या जागी मी गिट हे कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणारं साधन ठेवतेय. काम केलं की त्याच दिवशी नोंद, कोणत्या ओळी बदलल्या ते दिसतं, परीक्षकाला दुवा द्यायचा. आणि सत्रात दोनदा पाच मिनिटांची तोंडी: पोराचाच कोड उघडायचा, एका ओळीवर बोट ठेवायचं आणि 'ही काढली तर काय होईल' एवढंच विचारायचं. चॅटजीपीटीने लिहिलेला असला तरी माझी हरकत नाही, उत्तर देता आलं पाहिजे.

निवृत्त_प्राध्यापक

गिटमधली तारीख मागची टाकता येते, हे आजच्या पोरांना तुमच्याआधी माहीत असतं. त्यामुळे तो पुरावा माझ्या लेखी कच्चाच. तोंडी मान्य. ती आम्ही आयुष्यभर घेत आलो, त्यात नवं काही नाही. पण माझी एक अट: प्रत्येक प्रॅक्टिकलला एक पान हाताने पाहिजे. ब्राउझरमधून विनंती निघाली, सर्व्हरवर कुठली फाइल चालली, डेटाबेसला काय विचारलं, परत काय आलं, एवढी आकृती. कोड नको.

मुलुंडचे_पालक

एक पान चालेल. गठ्ठा नको, शिक्का नको, आणि झेरॉक्सची रांग तर नकोच नको.

परळचा_प्रोग्रॅमर

मूळ विषय कुठल्या कुठे गेला. रिॲक्टबद्दल: ठीक आहे, पहिले सहा आठवडे साधं जावास्क्रिप्ट घ्या. पण चौथ्या आठवड्यापर्यंत सर्व्हरकडून डेटा आणणारं 'फेच' आलंच पाहिजे, आणि सातव्यापासून रिॲक्ट. यापेक्षा मी मागे येणार नाही. कॅमेऱ्याचा मुद्दा सोडतो. हजेरी कोडच्या नोंदींवरून धरा.

व्हिडिओवर मी ठाम आहे. एकदा केलेलं काम दरवर्षी परत का करायचं?

सीएचबी_कल्याण

कारण दरवर्षी ते करणारा माणूस मी आहे.

मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवते, दोन कॉलेजांत मिळून. तासाला पैसे, सुट्टीत शून्य. एका कॉलेजने मला सांगितलं, वेब प्रोग्रॅमिंगचे सगळे तास रेकॉर्ड करून द्या. मी घरी, पंखा बंद करून, पोराला शेजारी पाठवून रेकॉर्ड केले. तासांचे पैसे मिळाले, तयारीचे नाहीत. पुढच्या वर्षी त्या विषयाला मला बोलावणंच आलं नाही. व्हिडिओ मात्र सुरू होते, माझ्याच आवाजात. त्यातला अभ्यासक्रम बदलला तर दुरुस्त कोण करणार, हे विचारायलाही कोणाचा फोन आला नाही.

मॅडम, तुमचे ५ तास कागदावर छान आहेत. ते वर्कलोडमध्ये लिहिले नाहीत तर आमच्याकडूनच फुकट करून घेतले जातील. व्हिडिओबद्दलही आराखड्यात लिहा: कोणाच्या नावावर, किती वर्षं वापरायचे, दुरुस्तीचे पैसे कोणाला.

माटुंग्याची_मास्तरीण

लिहिते. रेकॉर्डिंगची मुदत दोन वर्षं, नंतर ज्याने केलं त्यालाच दुरुस्तीचं पहिलं बोलावणं, आणि कोड तपासणीचे तास लेक्चरच्याच दराने. सोमवारी मीटिंग आहे. प्राचार्य दरावर अडतील, तेव्हा मी व्हिडिओचा पूर्ण प्रस्तावच मागे घेईन.

परळचा_प्रोग्रॅमर

हे मला माहीत नव्हतं. तपासणीचे पैसे दिलेच पाहिजेत, त्यावर वाद नाही. पण दोन वर्षांची मुदत सरसकट लावू नका. एचटीटीपी कसं चालतं, कुकी म्हणजे काय, हे व्हिडिओ दहा वर्षंही चालतील. मुदत विषय बघून ठरवा.

सीएचबी_कल्याण

मुदत व्हिडिओची नाही, कराराची आहे. ती दोनच ठेवा.