चिमणीचा हिशेब

एकाने विचारलंय, सगळं देवाच्या हाती असेल तर माणूस कळसूत्री बाहुलीच ना? मला नाही पटत. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात येशू सांगतो की कवडीमोलाने विकली जाणारी चिमणीही देवपित्याच्या इच्छेवाचून जमिनीवर पडत नाही. तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत. इतकं जवळून ओळखणाऱ्याची ही सत्ता आहे.

गोव्यातल्या बेतूलला आमच्या शेजारच्या आंटींचा मुलगा मासेमारीला गेला तो परतला नाही. तरी त्या रोज संध्याकाळी खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, मेणबत्ती लावायच्या, वाऱ्याला हात आडवा धरून. रडायच्या, देवाशी कडकडून भांडायच्या. बाहुली कुठे भांडते? क्रुसावर जाण्याआधी गेथशेमानी बागेत खुद्द येशूनेही आधी हा दुःखाचा प्याला टळो असंच मागितलं होतं, आणि मग पित्याची इच्छा स्वीकारली.