हीटर लावला की गुळगुळ आणि मागोमाग टकटक. हेड गॅस्केटच असेल का?

रातपाळीचा_चालक
मंडळी, आठवडाभर या आवाजानं जीव टांगणीला लागलाय. सहाचाकी डिझेल ट्रक आहे, एकटा मीच चालवतो. पहाटे थंड इंजिन सुरू करून हीटरचा नॉब पूर्ण गरमवर नेला की डॅशबोर्डच्या आत, क्लीनरच्या बाजूला, अर्धी भरलेली कळशी हलवल्यासारखं गुळगुळ वाजतं. रेस दिली की वाढतं. त्याच वेळी टक-टक-टक सुरू होतं, नखानं प्लास्टिकचा डबा वाजवावा तसं. पंखा बंद केला तरी टकटक चालूच. दहा-पंधरा टकटकींनंतर आपोआप थांबते.

गाडी उभी असताना हवा कोमट येते, रेस दिली की गरम.

तीन आठवड्यांपूर्वी वॉटर पंप बदलला, त्याआधी काही नव्हतं. एका फिटरनं काहीही न उघडता ‘हेड गॅस्केट गेलं’, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील फाटली, म्हणून सांगितलं. पण त्याची खूण म्हणावी असा पांढरा धूर नाही, ऑइल दुधाळ नाही, तापमानाचा काटा जागेवर आहे. तरी रात्री चढाला लागलो की नजर काट्यावरच राहते.

जुना_मेस्त्री
भाऊ, हेड उघडू देऊ नका. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. पंप बदलताना कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, खाली केलं, परत भरलं, पण एअर नीट काढली नाही. हवा वरच्या जागी जाऊन बसते, आणि हीटरची जाळी, जिच्यातून गरम कूलंट फिरून केबिनची हवा तापते, बहुतेक गाड्यांत उंचावरच असते. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, पंपाचा जोर कमी, म्हणून गरम पाणी तिथवर पुरत नाही. रेस दिली की पोचतं. गुळगुळ त्या हवेचीच आहे.

इंजिन पूर्ण थंड असताना गाडी तोंड वर येईल अशी चढावर लावा आणि चाकांना लाकडं द्या. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. गरम इंजिनावर झाकणाला हात लावायचा नाही, वाफेनं तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. नॉब पूर्ण गरमवर, पंखा सर्वांत हळू ठेवा. इंजिनावर एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून अखंड धार येईपर्यंत थांबा. मग आयडलला ठेवा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तोवर घाई नको. त्याआधीच, रेडिएटरचा वरचा पाइप हाताला सोसतोय तोवर तो दाबत-सोडत राहा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तसतसं कूलंट घाला. रंग बघून नको, पुस्तकात जे लिहिलंय तेच.

शेवटी हीटरला जाणारे दोन्ही पाइप चाचपा. दोन्ही गरम असायला हवेत. एक गरम, एक गार असेल तर जाळी तुंबलीय किंवा हवा अजून आत आहे.

तारांची_ताई
गुळगुळीबद्दल मेस्त्रीकाकांशी सहमत, पण टकटक वेगळी आहे. नॉब गरमवर नेताना दोन्ही एकदम सुरू होतात, म्हणून तुम्हाला एकच दोष वाटतोय. पंख्यात पान किंवा कागद अडकला असता तर आवाज पंख्याच्या वेगाबरोबर बदलला असता आणि पंखा बंद करताच थांबला असता.

गरम-गार हवा मिसळणारी एक झडप आत असते. तुमची मोटरवर चालत असेल तर त्या छोट्या मोटरच्या प्लास्टिक गिअरचा दात तुटलाय. मोटर झडप ढकलते, गिअर घसरतो, टक. पंखा बंद ठेवून फक्त तापमानाचा नॉब फिरवा आणि डॅशबोर्डच्या खालच्या भागावर तळहात ठेवा, टकटक हाताला लागेल. मोटर काढल्यावर झडप बोटानं हलवून बघा. झडपच अडकली असेल तर नवी मोटरही तशीच तुटेल. हे अनेकजण बघत नाहीत आणि मग मोटरला दोष देतात.

रातपाळीचा_चालक
काल सुट्टी होती, दोन्ही केलं.

एअर काढायला पाऊण तास गेला. थर्मोस्टॅट उघडल्यावर टाकीत एकदम भडभड बुडबुडे आले आणि पातळी बोटभर उतरली. एकूण दीड लिटर कूलंट मावलं, म्हणजे तीन आठवडे मी तेवढं कमी घेऊन चढ चढत होतो. आता आयडललाही हात शेकतो. गुळगुळ नाही.

ताई, टकटक तुम्ही म्हणालात तिथेच. गिअरचे तीन दात गायब. झडप हलकी फिरतेय. नवी मोटर मागवलीय, तोवर जुनीचा प्लग काढून झडप गरमवर ठेवलीय.

जुना_मेस्त्री
झकास. आता आठ दिवस रोज सकाळी थंड इंजिनावर टाकीची पातळी बघा, खूण करून ठेवा. एकदा थोडी उतरली तर राहिलेली हवा निघाली समजा. रोजच उतरत असेल तर पंपाचा जोड बघा आणि क्लीनरच्या पायाखालची चटई उचला. ती ओली, चिकट असेल, केबिनमध्ये गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट धुकं धरत असेल तर जाळी गळतेय. यातलं काही नाही, तरी रोज कमी होतंय आणि गुळगुळ परत आली, तरच गॅस्केटची तपासणी करा. तीही टाकीवर टेस्टर लावून. इंजिनातला जळका गॅस कूलंटमध्ये येत असेल तर टेस्टरमधल्या द्रावाचा रंग बदलतो.

रातपाळीचा_चालक
टाकीवर मार्करनं रेघ मारली. आज सकाळी पातळी रेघेवरच होती. चटई कोरडी.