‘काहीच दिसले नाही’ हीसुद्धा नोंदच

हौशी माणसांनी मोबाईलवर काढलेल्या पक्षी-प्राण्यांच्या छायाचित्रांचा संशोधकांना फारसा उपयोग नसतो, हे मत मला पटत नाही. छायाचित्रासोबत तारीख, वेळ, नेमकी जागा आणि आपण किती वेळ निरीक्षण केले हे लिहिले, की तीच नोंद अभ्यासाला उपयोगी पडते. पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर दिसलेल्या पक्ष्यांची यादी देताना ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले आहेत का, असे आवर्जून विचारले जाते; कारण तसे असेल तरच यादीत नसलेला पक्षी त्या वेळी तिथे आढळला नाही, असे धरून विश्लेषण करता येते. रत्नागिरीत भाट्ये किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर रोज फिरायला जाणाऱ्यांनी वर्षभर एवढे केले, तर हिवाळी पाहुणे पक्षी केव्हा येतात आणि केव्हा परततात याची जी सलग माहिती जमेल, ती दोन दिवसांसाठी येणाऱ्या अभ्यासकाला मिळणे शक्यच नाही. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातील स्वयंसेवक ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यांवरील जीवांच्या अशाच नोंदी करतात.

याउलट, पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर आलेल्या मगरीची चित्रफीत सर्वत्र फिरते, पण तिच्यासोबत बहुधा ना दिवस असतो ना जागा, आणि याचे मला फार वाईट वाटते.

खवले मांजरासारख्या, शिकारीचा धोका असलेल्या प्राण्याची जागा मात्र जाहीर करू नये; सजीवांच्या नोंदी जमवणाऱ्या ‘आय-नॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर ती झाकण्याची सोय आहे आणि वनविभागाला ती स्वतंत्रपणे कळवता येते.