वॉशिंग्टन हे आडनाव: डरहममधले गाव, व्हर्जिनियातले घराणे आणि आजचे आडनावबंधू

मुशाफिर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गावावरून पडलेल्या आडनावांवर या विभागात पूर्वी बरीच चर्चा झाली आहे, म्हणून हा प्रश्न इथेच विचारतो. वॉशिंग्टन हे नाव आपण राजधानीचे, एका राज्याचे आणि अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे म्हणून ओळखतो. पण मुळात ते इंग्लंडमधल्या एका गावाचे नाव असून त्यावरून आडनाव झाले, एवढे मला ठाऊक आहे. माझा गोंधळ त्यापुढचा आहे. न्यू जर्सीत इतकी वर्षे राहूनही या आडनावाचा गोरा माणूस मला क्वचितच भेटला. चित्रपटांत डेन्झेल वॉशिंग्टन, राजकारणात शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन, शेजारपाजारी आणि कामाच्या ठिकाणीही तेच. इथल्या लोकांना विचारले तर "मालकाचे आडनाव गुलामांना लागले" असे एका वाक्यात उत्तर मिळते. ते मला पुरेसे वाटत नाही, कारण एका जमीनदाराच्या पदरी अशी किती माणसे असणार? हे नाव गावातून निघून आजच्या जागी कसे पोहोचले, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दप्तरदार

गाव आणि घराणे हा प्रश्नाचा पहिला भाग बराच स्वच्छ आहे, कारण त्याला जुना लेखी आधार आहे. इंग्लंडच्या ईशान्येला, जुन्या डरहम परगण्यात, टाइन आणि विअर या नद्यांच्या दरम्यान वॉशिंग्टन हे गाव आहे. आज ते संडरलंड शहराच्या हद्दीत मोडते, आणि १९६४ साली तिथे नवे नगर वसवायचे ठरल्यापासून मूळ गाव त्या पसाऱ्याच्या एका कोपऱ्यात उरले आहे. 'ह्वासा नावाच्या माणसाच्या मंडळींची वाडी' असा नावाचा अर्थ साधारणपणे लावतात.

११८३ मध्ये डरहमचे बिशप ह्यू द प्युइझे यांनी आपल्या जमिनींची आणि त्यांवरच्या येण्याची नोंदवही करवून घेतली. ती 'बोल्डन बुक' म्हणून ओळखली जाते. विल्यम द हर्टबर्न याने हर्टबर्न या गावावरचा हक्क सोडला आणि त्याच्या बदल्यात वेसिंग्टन (वॉशिंग्टनचेच जुने रूप) घेतले, मात्र चर्च आणि चर्चची जमीन वगळून, असे तिच्यात नमूद आहे. त्यापोटी त्याने चार पौंड भरायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर व्हायचे. आपल्याकडच्या सनदांत जशा सेवेच्या अटी असतात, तसाच हा मामला आहे.

आडनावाच्या अभ्यासकाला या नोंदीत खरा रस वाटतो तो नावाच्या अदलाबदलीत. हा गृहस्थ आधी हर्टबर्नचा होता. जमीन बदलली आणि घराणे वेसिंग्टनचे झाले. म्हणजे बाराव्या शतकात अशा कुळांचे नाव माणसापेक्षा जमिनीला अधिक बांधलेले होते. पुढच्या दोनतीन शतकांत 'चा' या अर्थाचा तो 'द' गळून पडला, नाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागले, आणि मग मात्र वंशज कुठेही गेले तरी ते सुटले नाही. एक शाखा लँकेशरमध्ये वॉर्टन येथे गेली. तिच्यातला लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्थहॅम्प्टनला लोकरीच्या व्यापारात वर आला, त्या नगराचा महापौर झाला आणि आठव्या हेन्रीने मठ मोडल्यावर विक्रीस निघालेली सल्ग्रेव्हची जमीन त्याने १५३९ मध्ये घेतली. त्याच्याच वंशातला दुसरा एक लॉरेन्स एसेक्समधल्या पर्ली गावचा धर्मगुरू होता. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात, १६४३ मध्ये, पार्लमेंटच्या बाजूने त्याला त्या जागेवरून काढले. घरची अशी वाताहत झाल्यावर त्याचा मुलगा जॉन १६५० च्या दशकात व्हर्जिनियाला गेला आणि तिथेच राहिला. १७३२ साली जन्मलेले जॉर्ज हे या जॉनचे पणतू.

आपल्या '-कर' आडनावांशी तुलना करताना एक भेद लक्षात ठेवावा. चिपळुणात चिपळूणकर म्हणून कोणाला ओळखण्याचे प्रयोजन नसते. गाव सोडून बाहेर पडलेल्या माणसाला ते नाव बाहेरचे लोक देतात. इंग्लंडमधल्या सामान्य माणसांची गावावरची बहुतेक आडनावे अशीच पडली आहेत. वॉशिंग्टनचा आरंभ मात्र वतनदारी थाटाचा आहे, कारण ज्याच्याकडे गाव होते त्याच्याच घराण्याला गावाचे नाव लागले.

पाणवठा

वरच्या प्रतिसादाला छोटीशी पुस्ती जोडतो. ससेक्समध्ये वॉशिंग्टन नावाचे आणखी एक गाव आहे आणि डर्बीशरमध्ये वेसिंग्टन आहे. तेव्हा इंग्लंडमधला प्रत्येक वॉशिंग्टन हा डरहमच्या त्या शिकारी कुत्रेवाल्या विल्यमचाच वंशज आहे, असे समजू नये. खुद्द इंग्लंडात हे आडनाव पूर्वीपासून विरळच आहे. घराण्याची मूळ गादीही डरहममध्ये फार टिकली नाही. तिथला वाडा लग्नसंबंधाने दुसऱ्या कुळाकडे गेला आणि १६१३ मध्ये डरहमच्या बिशपांना विकला गेला. विसाव्या शतकात तिथे भाडेकरूंची खुराडी झाली होती. पडण्याच्या बेतात आलेली ती वास्तू स्थानिक लोकांनी वाचवली, म्हणून १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर त्या गावी आले तेव्हा त्यांना दाखवण्यासारखे काही शिल्लक होते.

नोंदवही

आता मुशाफिर यांच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. आपल्याला जे जाणवले ते आकड्यांतही दिसते. २००० सालच्या अमेरिकी जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसे नोंदली गेली आणि त्यांपैकी जवळजवळ ९० टक्के कृष्णवर्णीय होती. जेफरसन या आडनावात हेच प्रमाण सुमारे ७५ टक्के होते. ठरावीक संख्येपेक्षा अधिक लोकांच्या आडनावांत कृष्णवर्णीयांचे वॉशिंग्टनइतके मोठे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही नावात आढळले नाही.

मालकाचे नाव गुलामांना लागले, हे स्पष्टीकरण जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पदरच्या माणसांपुरते तरी हिशेबात बसत नाही. १७९९ मध्ये माउंट व्हर्नन या त्यांच्या व्हर्जिनियातल्या मळ्यावर ३१७ गुलाम होते, परंतु त्यांतले १२३ च त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते. उरलेल्यांपैकी बहुतेक त्यांच्या पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या, म्हणजे कस्टिस यांच्या इस्टेटीचे होते आणि काही भाड्याने घेतलेले होते. मृत्युपत्राने मुक्ती मिळाली ती या १२३ जणांना. आता ढोबळ गणित करून पाहा. १८०० मध्ये अमेरिकेत सुमारे दहा लाख कृष्णवर्णीय होते आणि २००० मध्ये साडेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे वाढ पस्तीस पटीची. त्या सर्व १२३ जणांनी मालकाचे आडनाव घेतले आणि ते वंशजांत टिकले असे गृहीत धरले तरी आज जेमतेम साडेचार हजार माणसे निघतील. प्रत्यक्षात कृष्णवर्णीय वॉशिंग्टन आहेत दीड लाखाच्या घरात. जॉर्ज यांच्या भावांकडे आणि पुतण्यांकडेही गुलाम होते हे खरे, पण त्यांची भर घालूनही ही दरी बुजत नाही.

शिवाय त्या १२३ जणांनीही हे नाव घेतलेच असे नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा खासगी सेवक विल्यम हा त्यांच्याबरोबर क्रांतियुद्धभर घोड्यावर होता. त्याला १७६८ मध्ये ली नावाच्या कुटुंबाकडून विकत घेतले होते, आणि तो शेवटपर्यंत स्वतःला विल्यम लीच म्हणवत राहिला. मृत्युपत्रातही त्याचा उल्लेख 'स्वतःला विल्यम ली म्हणवणारा' असाच आहे. त्याला तत्काळ मुक्ती आणि वर्षाला तीस डॉलरची नेमणूक दिली होती. उलट, हॅरी नावाचा दुसरा एक गुलाम १७७६ मध्ये माउंट व्हर्ननहून पळाला, इंग्रजांच्या बाजूने लढला आणि हॅरी वॉशिंग्टन या नावाने १७८३ मध्ये नोव्हा स्कॉशियाला व १७९२ मध्ये तिथून सिएरा लिओनला गेला. १८०० साली ती वसाहत चालवणाऱ्या कंपनीच्या कारभाराविरुद्ध वसाहतकऱ्यांनी उठाव केला, त्यातही तो होता. मालकाशी आणि त्याच्या देशाशी फारकत घेतलेल्या माणसाने त्याचेच नाव आफ्रिकेपर्यंत नेले, यावरून या प्रकरणात सरळसोट नियम लावण्यात किती धोका आहे हे कळावे.

मग एवढे वॉशिंग्टन आले कोठून? बहुतांश निवडीतून, असे माझे मत आहे. गुलामांची शिरगणती १८५० आणि १८६० मध्ये झाली तेव्हा मालकाच्या नावाखाली केवळ वय, लिंग आणि वर्ण लिहीत. गुलामाचे नाव लिहायचा रकानाच नव्हता. मुक्त झालेल्या या सर्व लोकांची नावे प्रथम १८७० च्या जनगणनेत आली. त्याचा अर्थ त्यांना आधी आडनावे नव्हती असा मात्र नाही. अनेक कुटुंबे आपसात आडनाव वापरत आणि ते मालकापासून लपवत. १८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर फौजेच्या, शाळेच्या आणि मुक्त नागरिकांसाठीच्या कचेरीच्या दप्तरात नाव सांगायची वेळ आली तेव्हा कोणी लपवलेले नाव पुढे केले, तर कोणी नवे घेतले. वॉशिंग्टन हे त्या काळी गोऱ्यांत आणि काळ्यांतही पाळण्यातले नाव म्हणून ठेवले जात असे, त्यामुळे बापाचे पहिले नाव मुलाचे आडनाव झाल्याचीही उदाहरणे असणार.

एक गोष्ट मला विशेष बोलकी वाटते. गुलामगिरी संपवण्याचे श्रेय ज्यांना मिळाले त्या लिंकन यांचे आडनावही इंग्लंडमधल्या गावावरूनच आलेले आहे, पण २००० च्या जनगणनेत लिंकन आडनावाच्या लोकांत कृष्णवर्णीय केवळ १४ टक्क्यांच्या आसपास होते. नावे जर १८६५ नंतर एकाएकी आणि निव्वळ कृतज्ञतेपोटी घेतली गेली असती, तर आज चित्र निराळे असते. यावरून वॉशिंग्टन हे नाव बऱ्याच घरांत त्याआधीच रुजलेले असावे, असा निष्कर्ष मी काढतो.

मुशाफिर

दोघातिघांनीही फार कष्ट घेऊन लिहिले आहे, आभारी आहे. मग शिक्षणकार्याबद्दल नावाजलेले बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव यांपैकी कोणत्या वाटेने आले? आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांचे थेट वंशज आज कोणी आहेत का?

दप्तरदार

बुकर यांचे उदाहरण 'निवड' या सदरातच येते आणि त्याची हकीकत त्यांनी स्वतः आत्मचरित्रात दिली आहे. १८५६ मध्ये व्हर्जिनियात गुलाम म्हणून त्यांचा जन्म झाला. मुक्तीनंतर कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डन येथे गेले. शाळेत पहिल्यांदा हजेरी होत असताना प्रत्येक मुलाला निदान दोन नावे आहेत आणि आपल्याला बुकर हे एकच, असे त्यांच्या ध्यानात आले. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी मनाशी ठरवले आणि शिक्षकांनी विचारताच, जणू जन्मापासून तेच नाव असल्यासारखे, 'बुकर वॉशिंग्टन' असे सांगून टाकले. त्यांच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. आईने आपले नाव बुकर टॅलिअफेरो ठेवले होते हे त्यांना मागाहून कळले. मधला 'टी' तो हा. म्हणजे डरहमच्या गावाशी, माउंट व्हर्ननशी किंवा त्या घराण्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

शाळेच्या दप्तरी नाव ठरण्याचा हा प्रकार मराठी वाचकाला परका वाटू नये. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. शाळेत लागलेले नाव मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या मूळ गावावरून आलेले. फरक असा की तिथे नाव कुटुंबाच्या खऱ्या गावाकडे बोट दाखवते, तर बुकर यांच्या बाबतीत ते कधी न पाहिलेल्या, बहुधा ऐकलेल्याही नसलेल्या गावाचे होते.

थेट वंशजांबद्दल: जॉर्ज आणि मार्था यांना अपत्य झाले नाही. माउंट व्हर्ननचा वाडा पुतणे बुशरॉड वॉशिंग्टन यांच्याकडे गेला. ते सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि त्यांनाही मूल नव्हते. आजचे त्या घराण्यातले लोक जॉर्ज यांच्या भावांच्या आणि इतर चुलत शाखांचे आहेत.

नोंदवही

आजच्या विस्ताराविषयी थोडे राहिले होते. आडनावाचा मूळ भर दक्षिणेकडच्या, कापूस-तंबाखूच्या मळ्यांच्या राज्यांत आहे. सुमारे १९१० ते १९७० या काळात लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या कारखानी शहरांकडे गेले, त्यांच्याबरोबर ते शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क येथे पोहोचले. मुशाफिर यांना न्यू जर्सीत जे दिसते ते याच स्थलांतराचे फळ असावे. जॉर्जिया राज्यात जन्मलेले वॉल्टर वॉशिंग्टन हे १९७५ मध्ये राजधानीचे निवडून आलेले महापौर झाले, त्यामुळे काही वर्षे वॉशिंग्टनचा कारभार वॉशिंग्टन यांच्याकडेच होता. त्या शहराच्या ध्वजावर पांढऱ्यावर दोन तांबडे पट्टे आणि वर तीन तांबडे तारे आहेत. १९३८ मध्ये स्वीकारलेले हे चिन्ह म्हणजे इंग्लंडमधल्या त्या घराण्याचे ढालीवरचे कुलचिन्हच होय.

कोणाला या आडनावाच्या एखाद्या अमेरिकी कुटुंबाचा मागोवा घ्यायचा असेल, तर १८७० च्या जनगणनेपासून मागे जावे, आणि त्याआधीच्या मालकाचा शोध आडनावावरून न घेता जमिनीचे व्यवहार, मृत्युपत्रे आणि फौजेतल्या भरतीच्या नोंदी यांवरून घ्यावा. केवळ नावावरून माउंट व्हर्नन गाठणारे फसतात.